साहेबांची अवधानाची परीक्षा

अवधानाचे दोन प्रकार असतात, ऐच्छिक आणि अनैच्छिक. हे मी इंग्रजी पुस्तकात वाचलं होतंच, तरी तळोद्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पुन्हा तासभर ऐकवलं. ज्याची नजर वक्त्यावर, त्याचंच अवधान, असा त्यांचा सिद्धान्त होता. मुली हाताची घडी घालून त्यांच्याकडे टक लावून बसल्या. डोंगरातून आलेली एक भिल्ल मुलगी मात्र खाली पाहत होती. तिच्या घरी मोठ्यांच्या तोंडाकडे रोखून पाहणं उद्धटपणाचं समजत.

"हिचं लक्षच नाही. नाव कमी करा, बाई," साहेब म्हणाले.

नाव गेलं असतं तर ती पुन्हा गुरांमागे गेली असती. मी म्हटलं, "आधी विचारून तर पाहा."

"काय गं, काय सांगत होतो मी?"

तिने मान खालीच ठेवून दोन्ही प्रकार उदाहरणांसकट सांगितले. "मधे दोनदा थांबून साहेबांनी चहा कधी येणार ते विचारलं," असंही सांगितलं.

मग मी टक लावून बसलेल्या एकीला विचारलं. ती म्हणाली, "साहेबांच्या मिशीत पोहा अडकलाय."

तरीही साहेबांनी शेरा लिहिला: 'भिल्ल मुलीस अवधान नाही. नाव कमी करावे.' इतकं मठ्ठ डोकं सरकारने घोड्यावर बसवून गावोगाव फिरवलं, याचं मला आजही नवल वाटतं. मी तो शेरा नीट फाइलला लावला आणि मुलीला वरच्या वर्गात घातलं.