लाल अक्षरातलं नाव

भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधून ट्रंक उचलून मी नांदेडला मावशीकडे निघाले, कॉम्प्युटर शिकायला. वडिलांचे, म्हणजे अण्णांचे डोळे भूकंपात गेले होते. एसटीच्या पत्र्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मागं बघू नको. मला बी दिसंना, तुला बी नको. फिटंफाट."

मी बघितलं नाही. पुढे पुण्यात वेबसाइट बनवायला लागले. त्या कामातला पहिला धडा असा, की अर्थ मजकुरातच लिहायचा. अक्षरांचा रंग, जाडी, आकार वेगळ्या फाइलीत ठेवायचे. ते काढले तरी पान कळलं पाहिजे. नव्या मुलांना हे मीच शिकवते.

लातूरच्या एका क्लासची वेबसाइट माझ्याकडे होती. धाकट्या भावाच्या मुलीने, शीतलने तिथल्या मोफत जागेसाठी परीक्षा दिली होती. निवड झाली तरच आत्याला, म्हणजे मला सांगायचं, असं घरात ठरलेलं. क्लासवाले म्हणाले, परीक्षेला बसलेल्या सगळ्यांची यादी टाका, निवडलेली नावं लाल करा, बोर्डावर आम्ही तसंच लावतो. घाई होती. नावं न वाचता मी टाकली.

शीतल आजोळी नायगावला, भाऊ-भावजय रानात. पडद्यावरचं वाचून दाखवणारा फोन अण्णांकडे, मीच दिलेला. ते रोज यादी ऐकत. फोन नावं वाचायचा, रंग सांगायचा नाही. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, "शीतलचं नाव हाय बघ यादीत. पर समद्यांचीच हायेत. निवडलेली कवा लावणार तुझे लोक?"

मी पान उघडलं. नाव लाल होतं. हजर होण्याची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती.

लातूरला जाऊन हात जोडले. जागा पुढच्या मुलीला दिलेली, ती वर्गात बसलेली. तिला उठवा, असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

आता प्रत्येक लाल नावापुढे 'निवड' हा शब्द आहे. पाच मिनिटांचं काम. शीतल माझ्याशी बोलत नाही.

शेडनंतर पुनर्वसनात मिळालेलं गावाकडचं सिमेंटचं घर मला कधी आपलं वाटलं नव्हतं. आता मात्र प्रत्येक पान वेबसाइटवर टाकण्याआधी मी ते डोळे मिटून फोनवर ऐकते, तेव्हा तिथेच, अण्णांच्या खाटेवर बसलेली असते. दुसरं घर मला उरलेलं नाही.

अण्णा ती यादी अजून लावतात. परवा म्हणाले, "आता नीट सांगतंय बघ. शीतल, निवड."