दिवा न आणणारं गाढव

धुरपदाबाई रडली नाही, हेच आमच्या ख्रिस्ती वस्तीला जास्त लागलं. एकुलती एक लेक रूथ देवीच्या साथीत गेली आणि ही बाई दुसऱ्याच आठवड्यात धरणगावच्या जिनात कापूस निवडायला हजर. कशी आहेस विचारलं की म्हणायची, "शे." म्हणजे, आहे. बस, तेवढंच. बायका मागून कुजबुजायच्या की हिचं काळीज दगडाचं आहे. मला त्या बायकांचा भयंकर राग यायचा. माणूस आतून बधिर झालं तर डोळ्यांत पाणी येणार कुठून?

नवरा आधीच गेलेला. बाईला अक्षर येत नव्हतं, ते शिकवलं रूथनं. आई चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापायची आणि पोर शेजारी बसून वाचायची. घरात दोनच पुस्तकं होती. एक शुभवर्तमान, दुसरी मिशनच्या मडमेनं मुलांसाठी लिहिलेली अद्भुत गोष्ट. दोन्ही एकाच छापखान्यातली, सारख्याच आकाराची, आणि रूथनं दोन्हींना एकाच खाकी कागदाची वेष्टनं घातली होती. प्रार्थनेनंतर थोडं यातलं, थोडं त्यातलं, असं वाचन चालायचं. पोर होती तोवर कुठलं काय ते ती सांगायची; नंतर बाई एकटीच अक्षरं जुळवत बसायची.

त्या गोष्टीत एक देश असतो, तिथे सकाळ व्हायची बंद झालेली असते. एक कानतुटकं गाढव पाठीवर सूर्याचं पोतं घेऊन दारोदार फिरतं. ते खरं तर त्या देशाचा राजा. अंधारात एकटीच बसलेली एक मुलगी त्याला विचारते, दिवा आणलास का? ते म्हणतं, "मी दिवा आणला नाही, मी तुझ्याजवळ बसायला आलोय." आणि बसतं. पोतं सोडतं ते फार नंतर.

आमच्या मंडळीत बुधवारी संध्याकाळी साक्ष द्यायची पद्धत. देवानं आपल्यासाठी काय केलं ते एकेकानं उभं राहून सांगायचं. जीवरामभाऊंची साक्ष सुरू झाली की पोरं सतरंजीवर आडवी व्हायची. रूथ गेल्यापासून धुरपदाबाई उठलीच नव्हती. पंचावन्न साल असेल, एका बुधवारी ती उठली. पदर सारखा केला आणि सपाट आवाजात म्हणाली, "माले काहीच वाटत नही. पन प्रभूनी सांगेल शे, मी दिवा आणला नाही, मी तुझ्याजवळ बसायला आलोय. तेवढंच धरीसन मी जगी राहिनू."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मी शाळेत शिकवायचे; माझ्या वर्गातल्या पोरांना ते पुस्तक पाठ होतं. जीवरामभाऊ उठले. माणूस वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही. "धुरपदाबाई, हे शास्त्रातलं नाही. हे त्या पोरांच्या पुस्तकातलं गाढव बोलतं."

ती तशीच उभी राहिली. "प्रभू नही बोलना?"

"नाही."

ती खाली बसली. चेहऱ्यावर काही हललं नाही. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गाणं सुरू केलं. धरायला एक वाक्य होतं, तेही आम्ही तिच्या हातातून काढून घेतलं.

त्यानंतर ती प्रार्थनेला यायची थांबली. पाळकसाहेब जाऊन आले, चांगली वचनं वाचून आले. तिनं ऐकून घेतलं, चहा केला आणि पुन्हा आली नाही. मग माझे यजमान, म्हणजे शाळेचे मास्तर, म्हणाले, तू जा. मी शुभवर्तमान काखोटीला मारून निघाले. ते गाढव बोलतं ते प्रभूचंच बोलणं, हे तिला नीट पटवून द्यायचं, असं वाटभर मनात जुळवत होते.

दिवेलागण झाली होती, पण तिच्या घरात अंधार. ती भिंतीला टेकून बसलेली. तिला तसं बघितलं आणि जुळवलेलं सगळं भाषण मी तिथेच सोडून दिलं. पुस्तक उंबऱ्याशी ठेवलं आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

ती म्हणाली, "मास्तरीणबाई, दिवा नही लई उन्यात?"

"नाही आणला," मी म्हटलं. पुढचं वाक्य मला बोलवेना. मीच रडायला लागले. ती नाही रडली. अंगाखालची गोधडी ओढून तिनं अर्धी माझ्याकडे सरकवली.

मग म्हणाली, "ती लाजरनी गोष्ट सांगा."

मला ती तोंडपाठ. लाजर मेलेला, त्याच्या बहिणी रडताहेत, आणि प्रभू येतो. त्याला उठवायचं प्रभूच्या हातात असतं, तरी कबरेकडे जाताना तो आधी रडतो. मी सांगायला सुरुवात केली, तसा तिनं माझा हात धरला.

"तो रडना तठलोंग सांगा. म्होरे नको."

मी तिथपर्यंत सांगितलं आणि थांबले.