गोळीची वेळ सांगणारा बैल

तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस. घरातल्या लाकडी बैलाच्या पोटात मी घड्याळ बसवलं होतं. आता वेळेवर दिवा आणि आवाज हवा होता. मी कामावर गेले की सासूबाई रक्तदाबाची गोळी विसरतात.

हिंगणीच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला बैल दाखवून म्हटलं, "मोठा भोंगा लावा."

"भोंग्यानं म्हातारी घाबरन, ताई."

दुकानाशेजारी उभ्या बैलजोडीच्या घुंगरांचा आवाज त्यानं यंत्रात भरून घेतला. तारांच्या प्रत्येक गरम जोडावर फुंकर मारत म्हणाला, "आता बैल आठवण देईन. तुम्ही देसान तं भांडण होईन."

दुसऱ्या सकाळी मी दाराआड थांबले. बैलाच्या डोळ्यांतले दिवे लागले, घुंगरं वाजली. सासूबाईंनी बैलाला हात जोडून गोळी घेतली. मनातल्या मनात त्या माणसाचे आभार मानून मी बस गाठली.