नातीच्या केसांचे रविवार

फ्रिजमधलं ते मी प्यायलो, हे आधीच सांगून टाकतो.

जॅमच्या जुन्या बाटलीत काहीतरी चिकट, पारदर्शक होतं आणि तळाशी चुकार दोन-चार जवस. गुडघे कुरकुरायला लागलेल्या माणसाला जवस दिसला की तो आपल्याच औषधासाठी आणलाय असं वाटतं. त्यात बायको बरेच दिवस म्हणत होती, "तुम्हाला जवसाचा काढा करून द्यायला हवा." मला वाटलं, केला बिचारीने. लिंबू पिळलं, चिमूटभर सैंधव घातलं आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या बाटली रिकामी केली. घशाखाली उतरत नव्हतं, पण औषध म्हटल्यावर चव कोण बघतो?

संध्याकाळी सात वर्षांची नात फ्रिज उघडून उभी राहिली.

"आजोबा, माय हेअर जेल व्हेअर?"

"जेल?"

तिने सिंकमधली बाटली बघितली. मग मला बघितलं. "यू ड्रिंक, आह?"

बायकोला हसू आवरेना. मुलगी हसली, मीसुद्धा हसलो. नात तेवढी हसली नाही. खुर्चीवर पाय घेऊन बसली आणि स्वेटशर्टची टोपी कपाळावर ओढून घेतली.

"त्याने केलेलं होतं ते," मुलगी नंतर मला हळूच म्हणाली. "जायच्या आदल्या रात्री जवस उकळून, माझ्या स्टॉकिंगमधून गाळून. त्याच्या हातची शेवटची बाटली म्हणून ती जपून जपून वापरत होती."

'तो' म्हणजे आमचा जावई. मूळचा घानाचा, जहाजांच्या इंजिनांतला इंजिनिअर. आम्ही देश सोडून ज्या शहरात स्थायिक झालो, तिथल्याच युनिव्हर्सिटीत मुलगी आणि तो भेटले. त्यांच्या लग्नाच्या वेळी आमच्या बऱ्याच नातेवाइकांना एकाच आठवड्यात ताप आला, पण तो विषय जुना झाला. आता कंपनीने त्याला जवळजवळ वर्षभरासाठी कोरियातल्या गोदीत पाठवलं होतं. मुलीची बँकेतली नोकरी तर रात्री आठपर्यंत. म्हणून शहराच्या पाया लेबार भागातलं आपलं घर बंद करून मायलेकी आमच्या आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या होत्या.

मला बरंच वाटलं. पन्नाशी ओलांडल्यावर ऑफिसने माझं 'रिस्ट्रक्चरिंग' केलं होतं, म्हणजे बाकीचं स्ट्रक्चर तसंच ठेवून मला बाहेर काढलं होतं. बायको सकाळी कामावर जायची ती दिवेलागणीला परतायची. मी खालच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, एक कोपी, म्हणजे इथली कॉफी, पुरवून पुरवून प्यायचो आणि घरी यायचो. लिफ्टमधल्या बाईचा आवाज 'डोअर क्लोझिंग' म्हणायचा, त्याला मी मनातल्या मनात 'हो' म्हणायचो. कित्येकदा दुपारपर्यंत माझं एवढंच बोलणं होई.

नातीचे केस बापावर गेलेत. काळेभोर, दाट, स्प्रिंगसारखी बारीक बारीक वेटोळी. ओढली की खांद्यापर्यंत येतात, सोडली की टुणकन कानापाशी परत. जावळ काढल्यावर केस सरळ येतील अशी बायकोला फार आशा होती. ते आले ते आधीपेक्षा कुरळे. जन्मापासून ते बापाच्याच हातात. दर रविवारी अर्धा दिवस दोघांचा तो कार्यक्रम चालायचा. घानात त्याच्या बहिणींचे केस शाळा संपेपर्यंत मुलांसारखे कातरलेलेच असत, तशी शाळेची सक्तीच होती. मुलगी झाली तेव्हा एका बहिणीला फोनवर विचारून विचारून तो हे सगळं शिकला होता.

तो गेल्यावरच्या पहिल्या रविवारी मुलीने प्रयत्न केला. बायकोने आपल्या पद्धतीने खोबरेल थापलं, मुलीने कोरड्या केसांत कंगवा घातला. नात अशी किंचाळली की शेजारच्या चिनी आजींनी जाळीच्या दारातून डोकावून बघितलं. कंगव्याचे तीन दात केसांतच राहिले. त्यानंतर नात कुणाला डोक्याला हात लावू देईना. घरातसुद्धा टोपी वर. मागच्या बाजूला केसांचा गठ्ठा व्हायला लागला.

दोन आठवड्यांनी मुलीने जेवताना जाहीर केलं, "रीबॉन्डिंग करून टाकू या. महिनाअखेरच्या शनिवारची वेळ घेतलीय. इतक्या लहान मुलांचं सहसा करत नाहीत, पण एकजण तयार झालीय. सरळ होतील, रोज दोन वेण्या घातल्या की झालं."

"त्याला विचारलंस?" मी म्हटलं.

"काय विचारू बाबा? तो तिकडून करणार आहे का? मला मीटिंगमधून मान वर करायला वेळ नाही. गठ्ठा झाला तर कापावेच लागतील. त्यापेक्षा हे बरं."

"छान दिसेल गं सरळ केसांत," बायको म्हणाली.

नात भात चिवडत होती. हो नाही, नाही नाही. मला वाटतं तिने रडून गोंधळ घातला असता तर मी गप्प बसलो असतो.

"मी करतो," मी म्हणालो.

"काय करता?"

"केस. रविवारी. मला काय काम आहे?"

मुलीने माझ्या डोक्याकडे बघितलं. तिथे कानांच्या वरच्या दोन किनारपट्ट्या सोडल्या तर दिवे लावता येतील एवढी मोकळी जागा आहे. "बाबा, तुम्हाला स्वतःचे सांभाळता आले नाहीत."

"म्हणून तर अनुभव आहे. काय करू नये ते मला ठाऊक आहे."

"महिनाअखेरपर्यंत बघा," ती म्हणाली. "नाहीतर शनिवारची वेळ आहेच."

रविवारी मी स्टुलावर, नात माझ्या गुडघ्यांमध्ये पाटावर, आणि समोर शाम्पूच्या बाटलीला टेकवलेल्या फोनमध्ये जावई. तो मला 'बाबा' म्हणतो, तेवढा शब्द मराठी, पुढचं सगळं इंग्रजी.

"पाणी, बाबा. आणखी पाणी."

"किती?"

"तुळशीला घालता तेवढं. कोरड्या केसाला कधीच कंगवा नाही. आता कंडिशनर. अहो, जेवढा घेतलात त्याच्या चौपट."

"बायको ओरडेल."

"आईंना मी पाठवतो नवा. आता चार भाग करा, तीन चिमट्यांनी बांधून ठेवा. एकच सोडवायचा. कंगवा नाही, बोटं. टोकाकडून सुरू करायचं आणि मुळाकडे जायचं."

आयुष्यभर मी सगळं मुळापासून टोकाकडे करत आलो होतो. हे उलटं जमेना. बोटं गुंतायची, नात "आउच" म्हणायची, मी हात वर करून शरणागती पत्करायचो. गोदीत त्याची जेवणाची सुट्टी संपली तसा फोन बंद झाला. मागचा गठ्ठा अजून बाकी होता.

फोन गेल्यावर घरात एकदम शांतता झाली. बायको खाली भाजीला गेली होती, मुलगी आत लॅपटॉपवर. मी पाणी मारत, गठ्ठ्यातला एकेक केस वेगळा करत राहिलो. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे पाठ असल्यामुळेच असेल, नात बोलायला लागली. वर्गातली एक मुलगी केसांत पेन्सिल खोचून बघते, ती पडत नाही म्हणून सगळे हसतात. लिफ्टमधल्या आंटी न विचारता हात घालतात. आपल्या गणपतीच्या कार्यक्रमातल्या मावश्यासुद्धा घालतात, "सो क्यूट" म्हणून.

"म्हणून टोपी?"

मान हलली. मग म्हणाली, "आजोबा, हिअर ओन्ली डॅडी गॉट सेम हेअर. नाउ नोबडी."

आपल्यासारखं दिसणारं कुणी आसपास नसणं मला माहीत होतं असं मी समजत होतो. पण मला निदान आंग मो किओत इडली खाताना कुणी 'पुण्याचे का?' असं विचारणारा भेटतो. हिने काय करायचं? मी आपला गठ्ठा सोडवत राहिलो. सुटला तेव्हा दुपार कलली होती, माझी कंबर धरली होती आणि तिला माझ्या पायाला टेकून झोप लागली होती.

पुढच्या रविवारी जवस मीच उकळला. बायकोने कपाटातला सॅटिनचा परकर उसवून रात्री केसांना घालायची टोपी शिवली. सुती उशी केसांतलं पाणी पिते, हे जावयाने सांगितलं होतं. "छान दिसेल सरळ केसांत" हे वाक्य तिने परत काही उच्चारलं नाही. मी केसांचे दोन-दोन पदर एकमेकांभोवती पिळून पीळ घालायला शिकलो. पहिले पीळ रात्रीत सुटले, दुसरे सकाळपर्यंत टिकले, आणि महिनाअखेरच्या आठवड्यातले शाळेतून परत आले तरी जसेच्या तसे होते.

शुक्रवारी मुलगी उशिरा घरी आली. नात टोपी मागे टाकून टीव्ही बघत होती. मुलगी पर्स न ठेवताच तिच्यामागे उभी राहिली. एका पिळावरून बोट फिरवलं, भांगावरून फिरवलं.

"भांग वाकडा आहे, बाबा," ती म्हणाली. मग गॅलरीत जाऊन तिने फोन लावला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ रद्द केली.

त्यानंतरचे माझे रविवार भरून गेले. शनिवारी रात्री मी चिमटे धुऊन ठेवायचो. बुधवारपासूनच मला रविवार दिसायला लागायचा. वर्गात पेन्सिल खोचणाऱ्या मुलीला नातीने 'माय हेअर, नॉट युअर पेन्सिल बॉक्स' असं सुनावलं, तेही मला पाटावर बसूनच कळलं. जावयाची आता गरज पडत नव्हती. तरी आम्ही फोन लावायचो. एकदा मी बारीक बारीक पीळ घालून, मध्ये लाल मणी ओवून तिला फोनसमोर उभी केली. तो स्क्रीनजवळ येऊन एकेक मणी बघायला लागला.

"माझ्यापेक्षा चांगले झालेत," तो म्हणाला. मग त्याने इकडचं तिकडचं विचारलं, कोरियात थंडी पडलीय म्हणाला, आणि जेवणाची सुट्टी संपायच्या आधीच फोन ठेवला. मणी मी पुढच्या वेळी ओवले नाहीत. का ते नातीने विचारलं, मी म्हटलं सापडत नाहीत.

तो परत आला तो शुक्रवारी. विमानतळावर नात त्याच्या मानेला अशी लटकली की सामानाची गाडी मलाच ढकलावी लागली. रविवारी सकाळी मी सवयीने स्टूल मांडलं, पंचा ठेवला, स्प्रेची बाटली भरली. ती दोघं बाहेर आली. त्याने स्टुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा, तुम्ही करा ना. मी बघतो."

त्याने ते मनापासून म्हटलं होतं, आणि मला ते हवं होतं, हेही खोटं नाही. पण नातीने आधीच त्याचं बोट धरलं होतं आणि त्याचे हात, मी बघत होतो, नुसते उघडमीट करत होते.

"छे, माझी कंबर गेलीय कामातून," मी म्हणालो. "तुझं तू सांभाळ."

"आजोबा यू रेस्ट, लाह," नात म्हणाली. स्टूल, पंचा, बाटली घेऊन दोघं आतल्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं. थोड्या वेळाने तिचं बोलणं ऐकू यायला लागलं, अखंड, न थांबता. माझ्याशी ती इतकं कधी बोलली नव्हती. पुढच्या आठवड्यात तिघं पाया लेबारला परत जाणार होती.

मी सोफ्यावर बसलो. पेपर उघडला, मिटला. हातांना अजून कंडिशनरचा वास येईल असं उगाच वाटलं म्हणून हुंगून बघितले. नव्हता.

बायको न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली. अंगावर जुना गाऊन, खांद्यावर डाग पडलेला टॉवेल, हातात वाटी आणि ब्रश. वाटीत केसांचा रंग कालवलेला होता.

"इकडे या जरा," ती म्हणाली. "हातमोजे घाला आधी. मागचं मला दिसत नाही हो. इतकी वर्षं नुसती अंदाजानेच लावतेय."