अम्मानहून आलेला फोन

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही — आणि फिलोला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

फिलो आमची शेजारीण. मैसूरला, बन्नीमंटपाजवळ, आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांची कोंकणी, आमचं कन्नड मिसळलेलं मराठी — दोन्ही घरांत दोन्ही चालायचं. माझे वडील मेटगळ्ळीच्या कारखान्यात, म्हणून फोन आमच्याकडे. तिचा भाऊ रॉनी कुवेतला होता. त्याचा फोन आला की मी भिंतीवर दोन थापा मारायच्या, आणि पलीकडून लूसीआंटी, त्याची आई, पदर सावरत धावत यायची.

त्या वर्षी इराकनं कुवेत घेतलं आणि त्याचे फोन थांबले. आंटीचं छातीचं दुखणं आधीचंच. ती रेडिओच्या बातम्या ऐकत पडून राहायची.

अशात सप्टेंबरचा मरियेच्या जन्माचा सण आला. त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमधून आशीर्वाद घेऊन घरी आणतात. दाणे नारळाच्या दुधात घालून घरातल्या प्रत्येकाला घोटभर. जो घरी नाही, त्याचा वाटा झाकून ठेवायचा. रॉनीची वाटी आंटीनं उशाशी ठेवली होती.

त्याच संध्याकाळी चर्चच्या गायकवृंदाला पंचवीस वर्षं झाल्याचा कार्यक्रम. त्यात माझं व्हायोलिन — एकटीचं, पहिल्यांदाच. ऑर्गनवर साथीला फिलो. ती सकाळपासून नको म्हणत होती. "मम्मीला सोडून कशी येऊ? बेड कणे, सुमी, नको गं."

"अय्यो, दोन तास गं. तुझा रेडिओ काय पळून जातोय?" — असं म्हणून मीच तिला तयार केलं.

आमच्या घरचे पुढे गेले. मी व्हायोलिन उचललं, तोच फोन वाजला.

"सुमी? रॉनी. कुवेतमधून सुटलो, अम्मानला पोचलो. बरा आहे. मम्मीला सांग — आत्ता सांग हां. रांगेत नंबर लागला तर थोड्या वेळानं परत करतो."

मी काही बोलायच्या आत फोन कटला. भिंतीपाशी गेले. हात वर केला —

इथं थांबावंसं वाटतं. आठवताना दर वेळी इथंच थांबते. काय होतं माझ्या मनात? सांगितलं असतं, तर फिलो आमच्या फोनपाशी बसून राहिली असती, पुढच्या फोनची वाट बघत. मग ऑर्गनवर कोण? आणि बातमी तर चांगलीच — दोन तासांनी सांगितली तर शिळी होणार होती का?

हात खाली आला. बाहेरून कुलूप लावलं आणि फिलोला हाक मारली, "चल गं, उशीर होतोय."

मी चांगलं वाजवलं. टाळ्या — खूप टाळ्या. बंद घरात तो फोन परत वाजत असेल, हे मला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

परतलो तेव्हा फाटकात माणसं उभी होती. आंटी गेली होती. फिलोच्या जागी आंटीजवळ बसलेली बाई सांगत होती — शेवटपर्यंत एकच विचारत होती, पोराचं काही कळलं का. उशाशी वाटी तशीच झाकलेली.

तेव्हा तरी सांगायचं. नाही सांगितलं. पुढे रॉनीची तार आली, मग तो स्वतः आला. सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, "मी तुला सांगितलं होतं ना?"

"नुसती खरखर होती रे," मी म्हटलं. "कोण बोलतंय तेच कळलं नाही."

मला रडू फुटलं. फिलोनं मला जवळ घेतलं — तिनं, मला. "तुझं काय चुकलं गं?"

यंदा गायकवृंदाला पन्नास वर्षं झाली, म्हणून सगळे फिलोकडे जेवायला जमलो होतो. टीव्हीवर येमेनच्या युद्धातून परतलेली आपली माणसं मोबाइलवर घरच्यांशी बोलताना दाखवत होते. रॉनीचे केस आता पांढरे. जेवताना तो सगळ्यांना हसवत होता, "ह्यांची मजा आहे! आमचा एकच फोन लागला, तोही सुमीच्या कानात नुसता खरखरला." सगळे हसले. मीही हसले.

लाइन स्वच्छ होती. मागं रांगेतलं कुणीतरी त्याला आटप म्हणत होतं, तेसुद्धा मला ऐकू आलं होतं.