बत्तीस इंचांचा ओटा

आधीच सांगून ठेवते, झिपरूअण्णांचं कौतुक करायला मी बसलेली नाही. त्यासाठी आता अख्खी मधुमालती कॉलनी आहे. मी फक्त काय घडलं ते सांगते, कारण त्यातली सगळ्यात मोठी चूक माझी होती आणि ती दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

आमची कॉलनी पाथर्डी फाट्याच्या अलीकडे. चार बिल्डिंगा आणि मध्ये दोन गुंठे मोकळी जागा. कागदावर ती राखीव खुली जागा, तोंडी 'ओपन प्लेस', आणि प्रत्यक्षात उकिरडा. गाजरगवत, फुटके कमोड, कुणाच्या तरी बाथरूमच्या उखडलेल्या फरशा आणि चाकं नसलेली एक ओम्नी. मधोमध एकच कडुनिंब. मी, योगिनी देवरे, कॉलनीची सहा वर्षांची सेक्रेटरी. या जागेपायी मी तीन फलक लावले, चार भांडणं केली आणि एकदा कचऱ्याची पिशवी जिची होती तिच्याच दारात नेऊन ठेवली. फरक शून्य.

अशात सी बिल्डिंगमधल्या ज्ञानेश अहिरेचे आईवडील सटाण्याकडून इथे राहायला आले. ज्ञानेश अंबडला कंपनीत, बायको सरिता नर्स, दोघांच्या शिफ्टा उलटसुलट, आणि मुलगी वेदिका दुसरीत. तिला स्कूलबसवर सोडायला-आणायला घरचं माणूस हवं, म्हणून म्हातारा-म्हातारी आली. झिपरूअण्णा म्हणजे ज्ञानेशचे वडील. एकतीस वर्षं शाळेत शिपाई. घंटा द्यायची, टाकी भरायची आणि मैदान आखायचं. मैदानावर पांढऱ्या पुडीने रेघा मारतात ना, ती फक्की. अण्णांनी आयुष्यभर फक्की मारली आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकही रेघ वाकडी गेली नाही.

पहिल्याच आठवड्यात ते माझ्या दारात. "ताई, ती मधली जागा कोणाची शे?"

मी कुकर लावत होते, तीन शिट्ट्यांच्या मध्ये कुणी काही विचारलेलं मला चालत नाही. म्हटलं, "तुमची. न्या गावाला."

आता हे काय उत्तर झालं? पण माणसाने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी वेदिकेला बसवर सोडून अण्णा घमेलं-फावडं घेऊन जागेत. ज्ञानेश मला येऊन म्हणाला, काकू, तुम्ही बाबांना काय सांगितलंत? मी काय सांगणार, कपाळ.

रोज सतरंजीएवढी जागा साफ करायची आणि तिच्याभोवती फक्कीची रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी रेघ पुढे. लोक गॅलरीतून बघायचे आणि बातम्या उठायच्या. मोजणीवाले येऊन गेले, रस्ता निघणार, टॉवर बसणार. ओम्नीच्या मालकाने तर टो करणारी गाडी आणून आपली ओम्नी हलवली. आणि खरी गंमत म्हणजे रेघेच्या आत कुणी कचरा टाकेना. पिशवी घेऊन आलेली माणसं रेघेपाशी थबकायची, इकडेतिकडे बघायची आणि पिशवी घेऊन परत जायची. माझ्या तीन फलकांनी जे झालं नाही ते दोन किलो फक्कीने केलं. मला राग आला, खोटं का बोलू.

मी अण्णांना विचारलं, हे कसं काय? ते म्हणाले, "समदे शाळेत गेलेले शेतस, ताई. रेघेवर पाय पडला की आउट."

महिनाभरात जागा आरशासारखी झाली. मग मी चहा घेऊन खाली गेले. म्हटलं, अण्णा, एवढा आटापिटा कशासाठी? या वयात पाठ मोडून घ्यायची हौस आहे का?

अण्णांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, ती आखाजीला गावाला चालली. गेली की परत येणार नाय."

ती म्हणजे कुसाबाई, त्यांची बायको. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण त्यांच्या भागात तिचा थाट दिवाळीएवढा. बेचाळीस वर्षांच्या संसारात हे दोघं आठवडाभरसुद्धा वेगळे राहिले नव्हते. आता वेदिकेमुळे अण्णांना इथून हलता येत नव्हतं आणि कुसाबाईंना इथे राहवत नव्हतं. तिसरा मजला, रस्त्याच्या बाजूचा फ्लॅट, ओळख ना देख. बाई दिवस दिवस बोलायची नाही.

"गावाले तिचा ओटा व्हता," अण्णा म्हणाले. "दिवसभर ती अन् तिचा ओटा. इथं तिला तिचा ओटा नाय. ह्या निंबाखाली एक ओटा झाला ना, ताई, तर ती ऱ्हाईल." म्हटलं, अण्णा, ओटा होणार. मी करून देते.

आता माझी चूक ऐका. मी जन्मले नाशिकरोडला, फ्लॅटात. माझ्यासाठी ओटा एकच, स्वयंपाकघरातला, ज्यावर गॅस असतो तो. आणि अण्णांचं म्हणणं मला लगेच पटलं. सुनेच्या ओट्यावर सासूचं मन रमत नाही, यात न कळण्यासारखं काय आहे? शिवाय कोजागरीचं दूध आटवायला, भंडाऱ्याच्या भाज्या चिरायला कॉलनीलाही उपयोग. मी विभागीय कार्यालयात चार खेपा घातल्या, लोकसहभागातून चौक करायची परवानगी आणली, कागदावर लिहून घेतलं: फरशी, कुंपण, दिवे, ओटा. तो ओटा वाचून कुणालाच काही विचारावंसं वाटलं नाही.

काम द्यायचं ठरलं रहेमानमिस्त्रींना, माणूस मूळचा मालेगावचा, बोलणं कमी आणि हात सरळ. त्याच आठवड्यात वेदिकेला कांजिण्या निघाल्या आणि अण्णा आठ दिवस नातीच्या उशापासून उठले नाहीत. त्यामुळे मिस्त्री विचारायला आले ते माझ्याकडे.

"मॅडम, ओट्याची उंची?"

मी घरात गेले, टेप लावला, बाहेर आले. "बत्तीस इंच."

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कडुनिंबाकडे. "बत्तीस?"

"बत्तीस म्हणजे बत्तीस." माझ्या आवाजापुढे भलेभले गप्प बसतात, मिस्त्रीही बसले. ए बिल्डिंगमधल्या साधनाताई स्वयंपाकघर नवं करत होत्या, त्यांचा जुना काळा ग्रॅनाइट मी मागून घेतला. त्याला सिंकचं भोक होतं. म्हटलं, असू दे, हात धुवायला बरं.

आखाजी दोन दिवसांवर आली. वेदिका बरी झाली. कुसाबाईंची पिशवी भरून झाली होती, सकाळच्या गाडीने त्या निघणार होत्या. अण्णा म्हणाले, जा, पण आधी खाली चल, एक गोष्ट बघून जा. दोघं खाली आली. अण्णांच्या हातात पिशवी, कुसाबाई दोन पावलं मागे. अर्धी कॉलनी जमलेली. मी पुढे होऊन ओटा दाखवला. वेदिका तर सिंकच्या भोकातून डोकं काढून हसत होती.

अण्णांचा चेहरा बघता बघता उतरला. ओटा कुसाबाईंच्या कमरेच्याही वर येत होता. अण्णांनी ग्रॅनाइटवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "ताई, ह्याच्यावर ती बसंल कशी?"

"बसायचं कशाला? ओट्यावर कुणी बसतं का?" मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दारापुढचा ओटा. बसायचा. मी मान खाली घातली. मिस्त्री मागून पुटपुटले, "मला वाटलं, मॅडमना वडापावचा स्टॉल टाकायचाय."

कुणीतरी हसलं. अण्णा मात्र पिशवी खाली ठेवून तिथेच जमिनीवर बसले. इतका खचलेला माणूस मी क्वचित बघितला असेल. मला रडू येत होतं आणि मला रडू येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

कुसाबाई ओट्यापाशी गेल्या. त्यांनी पदराने ग्रॅनाइट पुसला, तळहाताने दाबून बघितला. पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज ऐकला.

"परात कोणाकडे मोठी शे?"

साधनाताई पळतच परात घेऊन आल्या. मग कुसाबाई नवऱ्याकडे वळल्या आणि अहिराणीत जे सुरू झाल्या, त्यातलं मला अर्धं कळलं, अर्धं मी अंदाजाने जुळवलं. मतलब असा: सून म्हणते, आई, तुम्ही बसा. पोरगा म्हणतो, आई, बस. शेजारीण भेटली की म्हणते, मावशी, बसा. आणि आता तुम्ही मला बसायला ओटा बांधून देताय? बसून बसूनच तर माझा जीव चालला होता. गावाला ओट्यावर मी बसायची होय? धान्य निवडायची, शेवया वळायची, गल्लीतल्या पोरींना मांडे शिकवायची. तुमच्या डोळ्यांना नुसतं बसणं दिसलं.

अण्णा आ वासून ऐकत होते. बेचाळीस वर्षांत बहुधा हे पहिल्यांदाच कानावर पडत होतं.

आणि कुसाबाईंनी तिथेच आखाजीचे मांडे करायला घेतले. खापराचे मांडे म्हणजे पातेल्यासारखं मातीचं खापर चुलीवर पालथं घालायचं आणि पुरणाची पोळी हातावर फिरवत फिरवत रुमालासारखी पातळ करून त्यावर टाकायची. फ्लॅटच्या गॅसवर ते होणं नाही. मिस्त्रींनी उरलेल्या विटांची चूल मांडली, खापर कुसाबाईंनी गावाहून आणून पलंगाखाली लपवलेलं होतं, ते ज्ञानेश घेऊन आला. मी परातीत कणीक घेतली आणि कुसाबाईंनी माझ्या हातावर चापटी मारली. असं नाही, पाणी अजून. मला, सेक्रेटरीला. मी निमूट पाणी घातलं.

दुपारपर्यंत ओट्याला आठ बायका उभ्या होत्या. कुसाबाईंच्या पायाखाली दोन विटा, उंची अगदी बेतशीर. पहिला मांडा फाटला, दुसरा फाटला, तिसरा साधनाताईंच्या कोपरावर जाऊन बसला. पण चौथ्यापासून जमलं. मिस्त्रींनी दुसऱ्या बाजूला खरोखर बसायचा, सोळा इंचांचा, बुटका कट्टा बांधायला घेतला आणि पुरुषमंडळी ताटल्या घेऊन त्यावर ओल्या सिमेंटची पर्वा न करता बसू बघत होती.

सकाळची गाडी गेली. दुपारची निघायची वेळ झाली. अण्णा पिशवी घेऊन कडेला उभे होते, विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी विचारलंच, "मग? निघायचं का?"

कुसाबाईंनी मान वर केली नाही. "तुमले जानं व्हई ते जा," त्या म्हणाल्या. "माले उद्या ह्या बायासले कुरडया शिकाडन्या शेतस."

अण्णा तिसऱ्या मजल्यावर गेले आणि पिशवीतली सगळी लुगडी स्वतःच्या हाताने परत कपाटात लावून आले. घड्या चुकीच्या घातल्या होत्या. त्यावरून त्यांना जी बोलणी बसली, ती आम्हाला खाली चौकापर्यंत ऐकू आली.