ज्यांचा प्रोग्राम, त्यांच्या खुर्च्या

माझी भाची एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर आहे. वय एकेचाळीस, जन्मापासून दिसत नाही, आणि जीभ अशी की माझ्यासारखीलाही कधीकधी गप्प बसावं लागतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्राम ती वापरते. तो कुठल्या कंपनीच्या मालकीचा नाही. कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा, असा सगळ्यांना खुला. आठ वर्षं ती त्यातल्या चुका शोधून कळवते आहे. आधी तिला मंडळी 'तक्रारमास्तरीण' म्हणत. मग तिनं स्वतःच प्रोग्रामिंग शिकून तीन चुका दुरुस्त केल्या, तेव्हा 'मॅडम' झाली.

यंदा या प्रोग्रामसाठी दोन दिवसांचं छोटं हॅकेथॉन भरवायचं ठरलं. म्हणजे काय, तर वीसेक जणांनी एका खोलीत ठाण मांडायचं आणि प्रोग्रामची दुखणी काढायची. खोली माझ्याकडे होती. मी कॉलेजातून निवृत्त झाले तरी तिथलं वाचनालय अजून माझ्या शब्दावर उघडतं. बाकी तयारी भाची आणि एक दाढीवाला प्रोग्रामर यांची.

दाढीवाल्यानं आमंत्रण पाठवलं. भाचीनं माझ्यासमोर ते उघडलं. कॉम्प्युटर म्हणाला, "चित्र." पुढे अवाक्षर नाही. आमंत्रणाचा मजकूर चित्रात घातलेला, आणि चित्रातली अक्षरं प्रोग्रामला वाचता येत नाहीत.

"आत्या, काय लिहिलंय गं?"

मी चष्मा चढवला. "तुझं नाव आहे. प्रमुख पाहुण्या."

"पाहुणी? माझ्याच घरात?"

नावनोंदणीचा फॉर्म तर त्याच्याही वरताण. शेवटी चित्रांचे नऊ चौकोन. सायकल असलेले निवडा, म्हणजे तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध होईल. ऐकून उत्तर द्यायची सोय ठेवायला स्वारी विसरली होती.

संध्याकाळी तो हसत हसतच घरी आला. "मॅडम, बावीस नावं आली! सगळ्या खुर्च्या भरल्या."

"त्यात न दिसणारे किती?"

"एकही नाही. बहुधा त्यांना रस नसावा."

"नऊ जणांचे मला फोन आलेत. नवाच्या नवांना आपण माणूस आहोत हे सिद्ध करता आलं नाही."

त्याचा चेहरा पडला. चूक त्यानं मान्य केली, हेही सांगते. पण लगेच म्हणाला, "फॉर्म आजच बदलतो. पण जागा आता कुठाय? त्यांचं म्हणणं काम झाल्यावर विचारू."

"कपडा शिवून झाल्यावर माप घेणार?" भाची कडाडली. "नऊ प्रोग्रामर कमी करा."

"नाराज होतील हो!"

"होऊ देत. आणि शेजारच्या खुर्चीतल्या वापरणाऱ्यानं ऐकून होकार दिल्याशिवाय एकही दुरुस्ती प्रोग्रामात घ्यायची नाही."

"मग दोन दिवसांत दहासुद्धा होणार नाहीत! गेल्या वर्षी चाळीस केल्या आपण."

"त्यातल्या अकरांनी माझा प्रोग्राम मुका केला. आठवडाभर मी इस्पितळाचे नंबर पाठांतरावर जोडत होते."

"असं असेल तर मी यातून बाहेर पडतो."

"खुशाल. जाताना तेवढी नावांची यादी ठेवून जा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काकू, तुम्ही तरी समजवा ना."

"खोली मी तिला दिलीय, तुम्हाला नाही," मी म्हटलं.  मग तो नाइलाजानं यादीतली नावं आणि नंबर वाचून दाखवायला लागला.

भाचीनं तिथल्या तिथे अठरा फोन लावले, नऊ नकाराचे आणि नऊ आमंत्रणाचे, सगळे इस्पितळातल्या त्याच थंडगार आवाजात. एक जण उखडला, "मी कोण आहे, माहीत आहे का?"

"माणूस आहात. फॉर्ममध्ये तेवढं सिद्ध झालंय."

हॅकेथॉनच्या दिवशी दाढीवाल्याच्या शेजारी त्या नऊ जणांतले एक, पियानोचे सूर जुळवणारे गृहस्थ आले. मोठे काटेकोर. दुपारपर्यंत त्यांनी त्याची एकच दुरुस्ती तीनदा परत पाठवली. "छे. प्रोग्राम रकान्याचं लांबलचक नाव आधी सांगतोय, आकडा मागाहून. तोवर मी मागचा आकडा विसरतो."

"मॅडम!" तो रडकुंडीला येऊन ओरडला.

"मला कशाला हाका मारता? शेजारी विचारा."

तो क्षणभर धुमसला. मग कीबोर्ड बाजूला सारून त्यानं खुर्ची वळवली आणि त्या गृहस्थांना विचारलं, "बरं, तुम्हाला आधी काय ऐकायचं असतं?"